मूषक आणि मणिबंध

प्रातःकाळीं जाग येतांच, भूमीवर पाय ठेवण्यापूर्वीं स्वतःच्या तळहातांचें दर्शन घ्यावें, ही रीत आमच्या घरांत आजोबांच्या वेळेपासून चालत आली आहे. गेल्या वर्षीं आषाढांतील एका पहाटे आम्ही पाणी पिण्यासाठीं उठलों असतां माजघरांत मंद दिव्याच्या उजेडांत सूनबाई बसलेली दिसली. उजवा तळहात डोळ्यांपुढें धरून ती त्याजकडे टक लावून पाहत होती. नव्या पिढींतील मुलगी, पुण्यास राहून नोकरी केलेली, आणि तरीहि करदर्शन चुकवीत नाहीं, हें पाहून आम्हांस मोठें समाधान वाटलें. तें समाधान क्षणभरच टिकलें. थर्मामीटरमधील पारा उतरविण्यासाठीं झटकतात तसा तिनें तो हात तीनचार वेळां झटकला आणि बोटें उघडमीट करून पाहिलीं. विचारल्यावर म्हणाली, "कांहीं नाहीं आप्पा, हाताला मुंग्या येतात. झटकला कीं जातात. तीन महिने झाले, रोजचेंच आहे."

या लेखांत आम्ही एका लहानशा यंत्राविषयीं लिहिणार आहों. परंतु तत्पूर्वीं आपल्या पदरचा दोष कबूल करणें भाग आहे. चैत्रांत एकदां जेवतांना सूनबाईनें हात दुखतो असें म्हटलें होतें. त्यावर आम्हीं हंसून विचारलें, "बसल्या जागीं हात कसला दुखतो?" तिची सासू विहिरीवरून दोन दोन कळशा पाणी आणीत असे, तिचा हात कधीं दुखला नाहीं, असा दाखलाहि वर दिला. दुखला नाहीं, कीं तिनें सांगितलें नाहीं, हें विचारावें असें आम्हांस सुचलें नाहीं. छत्तीस वर्षें प्राथमिक शाळेंत मुलांस पुस्ती घालून दिलेल्या मास्तराचें हें बोलणें! कोणता मुलगा पेन्सिल आवळून धरतो, कोणाचें मनगट वांकडें पडतें, हें आम्ही वर्गाच्या दारांतून ओळखीत असूं. घरांतल्या एका हाताकडे मात्र आम्हीं पाहिलें नव्हतें.

सन २०२० च्या टाळेबंदींत मुलगा व सून पुण्याहून सावंतवाडीस आलीं व येथेंच राहिलीं. सूनबाईचें काम हिशेबाचें. कचेरी पुण्यास, आणि ही येथें आमच्या जेवणाच्या टेबलाशीं. सकाळचे नऊ वाजले कीं ताटें निघतात व संगणक मांडला जातो. त्यानंतर आठ तास तिचा उजवा हात 'माऊस' या वस्तूवर असतो. आमच्याकडे गणपतीच्या दिवसांत उंदराचें नांव घेतांनाहि 'मामा' म्हणावें इतका त्याचा मान. पण या उंदरानें घरांतील माणसाचा हात कुरतडण्यास आरंभ केला होता, आणि त्याची चाहूल आम्हांस लागली नव्हती.

या यंत्राची जन्मकथा मनोरंजक आहे. अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतीं स्टॅनफर्ड संशोधनसंस्थेंत डग्लस एंगलबार्ट नांवाचे एक संशोधक होते. त्यांच्या कल्पनेवरून त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनीं १९६४ सालीं पहिला माऊस बनविला. तो लांकडाचा होता. पोटाखालीं एकमेकांशीं काटकोनांत बसविलेलीं दोन चाकें, वर एकच बटण, आणि शेपटीसारखी बाहेर आलेली तार. त्या शेपटीवरूनच त्यास हें नांव पडलें. आमच्या चितार आळींत लांकडी आंबे, केळीं व फणस यांच्या रांगेंत तो कोणी ठेवला असता, तर गिऱ्हाइकानें खेळणें समजूनच किंमत विचारली असती. ९ डिसेंबर १९६८ रोजीं सान फ्रान्सिस्को येथें त्याचा जाहीर प्रयोग झाला व १९७० सालीं त्याचें पेटंट मिळालें. या शोधकांनीं गुडघ्यानें हलविण्याचेंहि एक साधन करून पाहिलें होतें. पुढें हातानें हलविण्याचें साधनच सर्वत्र रूढ झालें, आणि जगांतील कोट्यवधि हातांच्या वांट्यास हें काम आलें.

आतां कोणी म्हणेल, वजनानें शंभर ग्रॅमच्या आसपास असलेल्या या वस्तूनें हातास श्रम ते कसले व्हावयाचे? आमचीहि समजूत हीच होती, व ती मुळांतच चुकीची होती. कळशी उचलतांना हात श्रमतो, पण ती ठेवली कीं तो मोकळा होतो. माऊसवरील हात दिसावयास विसावलेला दिसतो, वस्तुतः तो विसावत नाहीं. बोट बटणावर दाबण्यासाठीं सज्ज राहावें, मनगट हलूं नये, बाण नेमक्या जागीं थांबावा, एतदर्थ कोपरापासून बोटांपर्यंतचे स्नायू सतत थोडे थोडे आंवळलेले असतात. मोठा श्रम थकवून आपणांस थांबावयास लावतो. हा लहान श्रम थकव्याची वर्दी न देतां तासन् तास चालू राहतो. यांतच त्याची सारी लबाडी आहे.

ही गोष्ट नवी नाहीं. इटलींतील वैद्य बेर्नार्दिनो रामात्सिनी यानें कारागिरांच्या रोगांवर १७०० सालीं एक ग्रंथ लिहिला. १७१३ सालच्या वाढविलेल्या आवृत्तींत त्यानें लेखकांच्या व कारकुनांच्या दुखण्यांचाहि विचार केला आहे. त्यांचीं कारणें त्यानें तीन सांगितलीं: सतत बैठक, हाताची एकाच दिशेनें अखंड हालचाल, आणि चूक होऊं नये म्हणून मनावर पडणारा ताण. त्या काळीं हातांत पिसाची लेखणी होती. लेखणीच्या जागीं माऊस ठेवला, तर तीं तिन्ही कारणें आमच्या जेवणाच्या टेबलाशीं हजर होतीं. रामात्सिनीनें एका लेखकाची हकीकत दिली आहे. त्याचा उजवा हात निकामी झाला, म्हणून तो मोठ्या कष्टानें डाव्या हातानें लिहावयास शिकला. पुढें त्या हातासहि तेंच दुखणें जडलें. या हकीकतीचा उपयोग पुढें आम्हांस झाला.

आमच्या पूर्वजांनींहि मनगटाचें नाजुकपण ओळखलें होतें. सुश्रुतसंहितेंत शरीरांतील १०७ मर्में सांगितलीं आहेत. त्यांपैकीं ज्यांस इजा झाली असतां प्राण जात नाहीं पण वेदना मात्र मागें राहते, अशीं आठ 'रुजाकर' मर्में होत. दोन्ही हातांचे मणिबंध, म्हणजे मनगटें, या आठांत मोडतात. आणि मणिबंधास इजा झाल्यास हातास कुंठता येते, असें सुश्रुत म्हणतो. हा शब्द आम्हीं विद्यार्थ्यांस अनेकदां समजावून दिला होता. त्याचा खरा अर्थ श्रावणांत एका सकाळीं कळला. सूनबाईच्या हातांतून आमटीची वाटी निसटली आणि ती वाटीकडे न पाहतां आपल्या अंगठ्याकडे पाहत राहिली. त्याच दिवशीं आम्ही तिला घेऊन डॉक्टरांकडे गेलों.

डॉक्टरांनीं प्रथम विचारलें, मुंग्या कोणत्या बोटांस येतात? अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अनामिकेचा अर्धा भाग. करंगळी मात्र मोकळी. एवढ्यावरून त्यांनीं रोगाची जागा सांगितली. मनगटाच्या तळहाताकडील बाजूस आठ लहान हाडें आणि त्यांवर ताणून बसविलेला एक जाड पट्टा यांच्यामध्यें एक बोगदा असतो. कोंकण रेल्वेच्या मार्गावर कर्बुडें येथील बोगदा साडेसहा किलोमीटर लांब आहे. हा जेमतेम अंगठ्याएवढा रुंद. यांतून बोटें मिटविणाऱ्या नऊ दोऱ्या आणि एक नस जाते. दोऱ्यांचीं आवरणें सुजलीं किंवा मनगट फार वेळ वांकलेलें राहिलें, कीं दाटी होते व ती मऊ नस दबते. झोपेंत मनगट नकळत मुडपतें, म्हणून मुंग्या रात्रीं अधिक येतात.

डॉक्टर सज्जन होते. त्यांनीं सारा दोष माऊसच्या माथीं मारला नाहीं. या विशिष्ट दुखण्यास माऊस कितपत कारण होतो याविषयीं तज्ज्ञांत मतभेद आहेत. जोरानें आवळून धरण्याचीं व हादरे देणारीं कामें त्यास अधिक कारण होतात. मधुमेह, थायरॉइडचा विकार, गरोदरपण यांमुळेंहि तें उद्भवतें, व पुरुषांपेक्षां स्त्रियांत अधिक आढळतें. माऊसमुळें कोपरापासून मनगटापर्यंतचे स्नायू व दोऱ्या दुखतात, ही तक्रार मात्र नित्याची. त्यांनीं सूनबाईचें रक्त तपासविलें, नसेची विद्युत्-परीक्षा करविली, आणि मनगट सरळ ठेवणारा एक पट्टा रोज रात्रीं बांधण्यास दिला. "आणखी उशीर केला असता तर?" असें आम्हीं विचारलें. नस फार काळ दबून राहिली तर अंगठ्याच्या मुळाशीं असलेला मांसल उंचवटा झिजूं लागतो. मग शस्त्रक्रियेनें बोगदा मोकळा केला तरी गेलेलें बळ सगळें परत येईलच असें नाहीं, हें त्यांचें उत्तर. वाटेंत आम्ही दोघेंहि फारसें बोललों नाहीं.

घरीं येऊन आम्हीं फूटपट्टी घेतली व एका शिक्षकानें प्रथमच करावयास हवें होतें तें केलें, म्हणजे विद्यार्थिनीच्या आसनाची तपासणी केली. टेबलाची उंची ३० इंच, खुर्चीची बैठक १८ इंच, आणि सूनबाईची उंची पांच फूट. ती बसली असतां तिचें कोंपर टेबलाच्या तीनचार इंच खालीं राहत होतें. यामुळें दिवसभर खांदा वर उचललेला, मनगट मागें मुडपलेलें, आणि त्याच्या खालच्या बाजूस टेबलाची धारदार कड रुतलेली. माऊस कळफलकाच्या उजवीकडे, आंकड्यांच्या बटणांच्याहि पलीकडे, फळांच्या परडीस टेकलेला. तेथवर हात पोंचविण्यासाठीं मनगट करंगळीच्या बाजूस वांकवावें लागे. आम्ही स्वतः तिच्या खुर्चीवर बसून तासभर माऊस चालविला. चाळीस मिनिटांतच मानेपासून कोपरापर्यंत एक ओढ लागली. ती आठ तास सोसत होती.

याच सुमारास पाहुण्यांस राजवाडा दाखविण्यासाठीं गेलों होतों. श्रीमंत शिवरामराजे भोंसले व राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनीं ज्या गंजिफांच्या कलेस नवें जीवन दिलें, तिचे कारागीर तेथें काम करीत बसतात. दशावतारी गंजिफांच्या एका संचांत १० रंग व प्रत्येकीं १२ पानें, मिळून १२० पानें असतात. पूर्वीं आम्ही पानांवरील चित्रें पाहत असूं, त्या दिवशीं हात पाहिले. एका कारागिराचें बसकें मेज छातीजवळ ओढलेलें, कोंपर अंगालगत, हात टेकलेला, आणि कुंचला इतका सैल धरलेला कीं कोणीहि सहज काढून घ्यावा. एक पान झालें कीं कुंचला खालीं ठेवून बोटें मोकळीं करावयाचीं, मग दुसरें पान. ज्यांचें पोट हातावर त्यांनीं हातासाठीं आसन घडविलें; आम्हीं मात्र आसन जसें होतें तसें ठेवून हात त्यास जुळवून घेण्यास लावला होता.

आतां वाचकांच्या उपयोगासाठीं, आम्हीं काय केलें तें सांगतों.

प्रथम आसन. खुर्चीवर तीन इंचांची घट्ट गादी घातली, म्हणजे कोंपर टेबलाच्या पातळीस आलें. पाय अधांतरीं लोंबूं लागले, म्हणून त्यांखालीं जेवणाचा जुना पाट दिला. पाठ खुर्चीस टेकलेली, खांदे सैल, कोंपर अंगाजवळ व साधारण काटकोनांत, आणि पावलें टेकलेलीं, एवढें साधलें म्हणजे अर्धें काम झालें. मांडीवर घेण्याचा संगणक असेल तर तो चार जाड पुस्तकांवर ठेवून पडदा डोळ्यांसमोर आणावा व कळफलक आणि माऊस निराळे जोडावेत.

दुसरी गोष्ट जागेची. परडी हलविली. आंकड्यांचीं बटणें नसलेला आंखूड कळफलक आणला, म्हणजे माऊस वीतभर जवळ आला. हात लांबवावा लागेल तेथें माऊस ठेवूं नये, आणि मनगट टेबलाच्या कडेवर टेकवूं नये.

तिसरी गोष्ट धरण्याची. चिमणीचें पिल्लूं हातांत धरावें तितक्या हलकेपणानें माऊसवर हात ठेवावा. तो तळहातास भरेल एवढा असावा. प्रवासासाठीं मिळणारा चिमुकला माऊस बोटें आंखडावयास लावतो. तो रोजच्या कामास घेऊं नये. आणि तो हलवावा कसा? येथें मास्तरकी उपयोगी पडली. पाटीवर लिहितांना बोटें व मनगट चालतात. फळ्यावर लिहितांना मनगट सरळ राहतें व सबंध हात फिरतो. माऊस दिसतो पाटीवरील पेन्सिलीसारखा, पण चालवावा तो फळ्यावरील खडूसारखा, कोपरांतून. संगणकाच्या सेटिंग्जमध्यें बाणाचा वेग थोडा वाढविला कीं हाताची धांव कमी होते. मात्र इतका वाढवूं नये कीं बाण नेमका थांबविण्यासाठीं हात आंवळावा लागेल. दोनदां क्लिक करण्याऐवजीं एकदां केल्यानें फाईल उघडावी अशीहि सोय करून घेतां येते.

चौथी गोष्ट, जें माऊसवांचून होतें तें माऊसनें करूं नये. नक्कल करण्यास कंट्रोल व सी, ती उतरविण्यास कंट्रोल व व्ही, काम जतन करण्यास कंट्रोल व एस. अशीं दहाबारा सूत्रें आम्हीं मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लाविलीं. सूनबाईनें तीं चार दिवसांत पाठ केलीं.

मुलगा म्हणाला, उभा माऊस आणूं. तळहात पालथा केला असतां कोपराखालचीं दोन हाडें एकमेकांवर तिरपीं येतात. हस्तांदोलनास पुढें करतात तसा हात धरला तर तीं जवळजवळ समांतर राहतात. उभ्या माऊसचें तत्त्व एवढेंच. कित्येकांस त्यानें आराम पडतो, कित्येकांस पडत नाहीं. म्हणून आधीं कोणाचा मागून आणून आठ दिवस वापरावा आणि मग पैसे खर्चावेत. डाव्या हातानें माऊस चालविण्याचाहि प्रयोग झाला. बटणें उलट करण्याची सोय संगणकांत असते. दिवसाकाठीं एक तास डाव्या हातास द्यावा, सारा भार त्याजवर टाकूं नये, असें आम्हीं सुचविलें. कारण रामात्सिनीचा तो लेखक आमच्या डोळ्यांसमोर होता.

पांचवी गोष्ट विश्रांतीची. हीच सर्वांत मोठी व पाळावयास सर्वांत कठीण. दुखूं लागल्यावर थांबणें म्हणजे उशीरा थांबणें. दर अर्ध्या तासानें उठावें, चार पावलें चालावें, बोटें पसरून हात खालीं सैल सोडावेत. ही आठवण राहावी म्हणून आम्ही दर अर्ध्या तासास देवघरांतील घंटा वाजवूं लागलों. तिसऱ्या दिवशीं सूनबाईची बैठक चालू असतां पुण्याच्या साहेबांनीं, आपल्याकडे आरती चालू आहे काय, असें आदरानें विचारलें. तेव्हांपासून घंटा बंद झाली व मोबाईलचा गजर सुरू झाला. सूर्यनमस्कार घालणारांनीं एक लक्षांत ठेवावें: मनगट दुखत असतां त्यावर शरीराचा भार घेणारे नमस्कार डॉक्टरांस विचारल्यावांचून घालूं नयेत. सूनबाईचे ते दीड महिना बंद होते.

हें सर्व करूनहि पहिल्या पंधरवड्यांत गुण दिसेना. तेव्हां आमच्या घरांतून एक प्रश्न आला, "माऊस सुटल्यावर तिचा हात जातो कुठें, तें पाहिलंत का?" पाहिलें. सायंकाळीं पांचास संगणक मिटला कीं तोच हात विळीवर नारळ खवीत होता, पोळ्या लाटीत होता, पावसाळ्यांतले न वाळणारे कपडे पिळीत होता. यांत मनगट माऊसपेक्षां अधिक जोरानें पिळवटतें. पुरुषांच्या हातास कचेरींतून आल्यावर वर्तमानपत्राची घडी उलगडण्यापलीकडे काम नसतें. स्त्रीच्या हातास एक कचेरी सुटली कीं दुसरी लागते. मग तो बरा व्हावा कसा आणि केव्हां? त्या दिवशीं कामांची वांटणी झाली. कपडे मुलाकडे गेले. पोळ्या सासूनें व मुलानें वांटून घेतल्या. नारळ, जो आमच्या कोंकणांत एक दिवस चुकत नाहीं, तो आमच्याकडे आला.

वाचकांस आणखी एक विनंति. रात्रीं मुंग्यांनीं झोप मोडणें, बोटें बधिर होणें, हातांतून वस्तु निसटणें, अंगठ्याखालील उंचवटा चपटा दिसूं लागणें, यांपैकीं एकहि लक्षण आढळल्यास तेलाच्या मालिशीवर महिने घालवूं नयेत; डॉक्टरांस हात दाखवावा. करंगळीस मुंग्या येत असतील तर दुसरी नस दबत असण्याचा संभव असतो. तेंहि त्यांस सांगावें. आणि घरांतील कोणी "हात दुखतो" म्हणालें, तर आमचा प्रश्न विचारूं नये.

दिवाळीपर्यंत सूनबाईच्या मुंग्या रोजच्या रात्रीवरून पंधरवड्यांतून एखाद्या रात्रीवर आल्या. शस्त्रक्रियेची तूर्त जरूर नाहीं, असें डॉक्टरांनीं दुसऱ्या परीक्षेनंतर सांगितलें. तर्जनीचें टोंक अद्याप किंचित् बोथट आहे. सुईंत दोरा ओंवतांना तिला तें जाणवतें. चैत्रांत आम्ही हंसलों नसतों तर तेंहि राहिलें नसतें काय, हा प्रश्न आम्हीं डॉक्टरांस विचारलेला नाहीं.

नारळ मात्र आम्ही नित्य खवतों. पहिल्या आठवड्यांत आमचेंच मनगट भरून आलें. आतां विळीवर कसें बसावें, करवंटी कशी धरावी आणि मनगट कोठें सैल सोडावें, याची शिकवणी आमच्या घरांतून रोज सकाळीं आम्हांस मिळत असते.